थंड घराला एसी लावताना : जासईच्या एका कौलारू घराचा हिशोब



मार्चमधल्या पालकभेटीत एका बाबांनी मुलीचे गुण बाजूला ठेवून घरचाच प्रश्न काढला. "सर, आमचं घर जुनं, कौलारू. भिंती हातभर जाड. पूर्वी उन्हाळ्यात शेजारचे दुपारी आमच्या ओटीवर टेकायला यायचे. पण आता आईला रात्रभर झोप नाही आणि पोरगी पुढच्या वर्षी दहावीला. एका खोलीत एसी लावू म्हणतो. बघायला आलेला माणूस म्हणाला, दीड टन लागेल, आणि कौलं उतरवून स्लॅब टाकल्याशिवाय उपयोग नाही. काय करू?"

मी तेव्हा घाईत "थांबा जरा, स्लॅब नका टाकू" एवढंच म्हणालो. उत्तर बरोबर होतं, पण कारण सांगितलं नव्हतं. ते आज सविस्तर सांगतो. हा प्रश्न एका घराचा नाही. जासई, गव्हाण, चिरनेर, कुठल्याही गावात जा, उरलीसुरली कौलारू घरं याच वळणावर उभी आहेत. शिवाय शाळेत शिकवले जाणारे उष्णता, बाष्पीभवन, आर्द्रता हे विषय या एका प्रश्नात आयते सापडतात.

थंड घर गरम का झालं?

घर तेच आहे, त्याच्या भोवतालचं बदललं. कोकणातलं जुनं घर दोन गोष्टींवर थंड राहतं. एक म्हणजे सावली आणि जाड भिंत, दुसरी म्हणजे वारा. जाड भिंत दिवसाची उष्णता हळूहळू शोषते, लगेच आत देत नाही. रात्री खिडक्या-दारं उघडी राहिली की वारा तीच उष्णता बाहेर घेऊन जातो आणि भिंत दुसऱ्या दिवसासाठी मोकळी होते. म्हणजे रात्रीचा वारा हा या घराचा खरा एसी.

आता पनवेल-उरण रस्त्यावरचं जासई डोळ्यासमोर आणा. पूर्वी भोवती भाताची खाचरं, पलीकडे मिठागरं आणि खाडी. मग जमीन संपादन आलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथे लढा दिला, पाच जणांचे प्राण गेले, हे आपण मुलांना दरवर्षी सांगतो. १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. २०२४ मध्ये अटल सेतू चिर्ले इथे उतरला. कंटेनरचे ट्रेलर, भराव, डांबर, काँक्रीट. भातखाचरातल्या पाण्यावरून येणारा वारा आणि तापलेल्या भरावावरून येणारा वारा एकसारखा नसतो. त्यात रात्री धूळ आणि ट्रेलरचा आवाज, मग माणूस खिडकी लावून घेतो. खिडकी बंद झाली की जाड भिंतीचा गुण उलटतो. दिवसभर शोषलेली उष्णता ती रात्रभर आतच सोडत राहते.

म्हणून "आमचे आजोबा एसीशिवाय राहिलेच ना" हा टोमणा मला पटत नाही. आजोबांना उघडी खिडकी मिळत होती. आणि उष्म्याला हलक्यात घेण्याचे दिवस आता राहिले नाहीत. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण गेले. त्या दिवशी आसपासच्या नोंदीत पारा चाळिशीलाही पोहोचला नव्हता. ऊन, गर्दी, तासन्‌तास बसणं हे तर होतंच, पण नागपूरकर ज्या आकड्याला "आज जरा बरंय" म्हणेल, तो आकडा आपल्या दमट हवेत जीव घेऊ शकतो. वयस्क आईसाठी एका खोलीत गारवा करणं हा चोचला नाही. फक्त तो कसा करायचा, एवढाच प्रश्न आहे.

आपलं दुखणं पाण्याचं आहे

वर्गात किंवा घरी हा प्रयोग जरूर करा. प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापी घ्या. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्ही पंख्याखाली पाच-सात मिनिटं ठेवा आणि वाचा. ओल्या फुग्याचा तापमापी कमी दाखवेल, कारण पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून नेते. आपल्या अंगावरचा घाम हेच काम करतो.

खरी गंमत दोघांमधल्या फरकात आहे. नागपूरला मे महिन्यात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापी साधारण २२ अंश दाखवतो. फरक वीस अंशांचा. जासईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापी साडेसत्तावीसच्या आसपास थांबतो. फरक जेमतेम साडेपाच अंश. पावसाळ्यात तर एक-दोन अंशच. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर जीव गार करतो आणि तोच कूलर आपल्याकडे आणला की चादरी ओलसर होतात, घाम सुकत नाही, हे का, ते या फरकातून कळतं. कूलर हवेत पाणी घालतो. आपल्या हवेत ते आधीच आहे. आपल्याला उलटं हवंय, हवेतलं पाणी काढणारं यंत्र.

आणि एसीचा जन्मच या कामासाठी झाला! १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा ताब्यात ठेवण्यासाठी यंत्रणा आखली. माणसाचा गारवा हा नंतरचा फायदा.

एसीत थंड नळ्यांची जाळी असते. त्यावरून खोलीतली हवा फिरते, तिच्यातली वाफ नळ्यांवर दव होऊन बसते आणि पाइपातून बाहेर ठिबकते. थंड पेल्याला बाहेरून घाम फुटतो, अगदी तसंच. आता लक्षात घ्या, एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच वाफेचं पाणी करताना काढून घ्यावी लागते. ही झाली अप्रकट उष्णता. पुस्तकात तो शब्द कोरडा वाटतो. लाइट बिलात तो बरोबर दिसतो.

कौलाखाली एसी लावला तर?

आता त्या बाबांच्या खोलीचा हिशोब करू. आकडे ढोबळ आहेत, पण मुलांना सोबत घेऊन करता येतील असे.

खोली १० फूट बाय १२ फूट, सरासरी उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर हवा. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. खोलीभर मिळून पाऊण लिटरहून थोडं जास्त. आपल्याला हवी आहे २५ अंशांची, ५५ टक्क्यांची हवा. त्यात साधारण ४३० ग्रॅम पाणी राहतं. म्हणजे खोलीभर हवा एकदा सुखावह करायला सुमारे ३५० ग्रॅम पाणी काढायचं. काहीच नाही, दीड-दोन कप चहा.

पण कौलारू छपराखाली हवा एकदाच बदलत नाही. कौलांच्या फटी, वासे भिंतीवर टेकतात तिथली मोकळी जागा, दाराखालची फट, सगळीकडून ती आत-बाहेर करते. वारा असताना तासाला दहा वेळा बदलते असं धरू. मग तासाला साडेतीन लिटर पाणी काढावं लागेल. तीन तासांत दहा लिटरची बादली भरून वाहील!

एवढ्या पाण्यासाठी सुमारे २.४ किलोवॅट उष्णता ओढावी लागते. आणि एक टनाच्या एसीची ताकद किती? सुमारे ३.५ किलोवॅट. (हा "टन" यंत्राच्या वजनाचा नाही. अमेरिकेतला एक टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. बर्फाच्या व्यापारातून आलेलं माप आहे. मुलांना ९०७ किलोला ३३४ किलोज्यूलने गुणायला लावा, दिवसाच्या सेकंदांनी भागायला लावा, ३.५ मिळतात.) म्हणजे एसीची दोन तृतीयांश ताकद फटीतून येणाऱ्या हवेतलं पाणी पिळण्यातच गेली. उरलेल्यातली बरीचशी त्याच हवेला ३३ वरून २५ वर आणण्यात गेली. माणसांच्या अंगची उष्णता, भिंतींची उष्णता, तापलेल्या कौलांची उष्णता यांच्यासाठी काही उरलंच नाही.

एसीवाला दीड टन म्हणाला ते अगदीच हवेत नव्हतं. त्याने उघडं छप्पर पाहिलं आणि मोठं यंत्र सुचवलं. पण गळक्या हंड्यात पाणी टिकत नाही म्हणून मोठा नळ लावायचा का? आता त्याच खोलीच्या फटी बुजवल्या आणि हवा तासाला दहाऐवजी अर्धीच वेळ बदलू लागली, तर साडेतीन लिटरचे होतात फक्त १७५ मिलिलिटर. वीस पट कमी.

मग स्लॅब का नको?

स्लॅब टाकला की फटी बंद होतात, हे खरं. पण उघड्या उन्हातला स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता काही तासांनी खाली पोचते. रात्री नऊ वाजता गच्चीवर अनवाणी चालून बघा. आपल्याला झोप हवी असते नेमकी तेव्हाच तो माथ्यावर शेगडीसारखा असतो. कौल पातळ मातीचं. दुपारी तापतं, पण सूर्य कलला की तासाभरात निवतं, आणि फटीतून वरची गरम हवा निघून जाते. कौलाची फट ही त्या घराची चूक नाही, ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. ती मोडू नका. फक्त एसीची खोली तिच्यापासून वेगळी करा.

कसं करायचं? आधी खोली निवडा. माझं मत स्पष्ट आहे : माजघर किंवा त्याला लागून असलेली आतली खोली. अंधारी म्हणून तिला आपण नावं ठेवतो, पण तिला बाहेरची भिंत नसते किंवा एखादीच असते, ऊन थेट पडत नाही, चारही बाजूंनी घराचीच सावली. एसीला याहून चांगली खोली कुठली? दर्शनी खोलीत पाहुण्यांना दिसावा म्हणून एसी लावायचा मोह टाळा. पश्चिमेची खोली तर नकोच.

मग त्या एका खोलीला छत द्या. जुना माळा असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. फळ्यांमधल्या फटी बुजवून वर उष्णतारोधक थर अंथरायचा. माळा नसेल तर प्लाय किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग आणि त्यावर रॉकवूल किंवा ग्लासवूल. हे छत भिंतीला चारही बाजूंनी घट्ट मिळालं पाहिजे, नाहीतर खर्च पाण्यात. आणि छताच्या वर, कौलांच्या खाली जी पोकळी राहते ती मात्र हवेशीरच ठेवा. तिथली गरम हवा कौलांतून नेहमीसारखी जाऊ द्या. वाळवी आणि गळती बघायला वर जाण्यापुरती झडप ठेवायला विसरू नका, पण तिच्या कडेला रबरी पट्टी हवी. दाराला खालून ब्रश, खिडकीच्या चौकटीला पट्टी. हे सगळं मिळूनही स्लॅबच्या खर्चाच्या जवळपास जात नाही.

जुन्या भिंतीला चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असेल तर तो तसाच राहू द्या. तो ओलावा घेतो आणि सोडतो. "एसीची खोली आहे, चकचकीत दिसू दे" म्हणून त्यावर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघतात.

लहान यंत्र, जास्त वेळ

छत झालं, फटी गेल्या. आता या खोलीला दीड टन कशाला? पाऊण-एक टन पुरतो. बाजारात ०.८ टनाचे इन्व्हर्टर एसीही मिळतात. लोकांना वाटतं, मोठा घेतला तर थोडा वेळ चालवला की काम झालं. दमट गावात हे उलटं पडतं. मोठं यंत्र दहा मिनिटांत हवा गार करतं आणि कॉम्प्रेसर थांबवतं. नळ्यांवर जमलेलं पाणी पुरतं ठिबकायच्या आधीच पंखा ते परत हवेत उडवतो. खोली गार पण चिकट होते. मग आपण २२, मग २० लावतो, आणि सकाळी अंग दुखतं. लहान यंत्र सावकाश, सलग चालतं आणि पाणी काढत राहतं. इन्व्हर्टरमुळे हा दोष कमी होतो, पण फार मोठं यंत्र घेतलं तर तोही किती खाली उतरणार?

हवा कोरडी झाली की २६ अंशांवर पंखा लावून छान झोप येते. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीत सुरुवातीचा आकडा २४ ठेवणं बंधनकारक आहे, तरी लोक रिमोट हातात आला की १८ करतात. १८ केल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ पळतं. एकेक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. लेबलवर वर्षाची जी युनिटं छापलेली असतात ती १६०० तासांच्या हिशोबाने असतात, हेही मुलांना दाखवा. आपला वापर किती तासांचा, ते त्रैराशिकाने काढायला लावा.

बिलाचं बोलू. घट्ट खोलीत लहान एसी रात्री आठ तास, सरासरी अर्धा किलोवॅट धरला तर चार युनिटं, महिन्याला १२०. ज्या घराचं बिल ९० युनिटांचं होतं ते २१० वर जातं. महावितरणच्या घरगुती दरात शंभरनंतरच्या युनिटाचा दर पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट असतो. तो सगळ्या युनिटांना नाही, वरच्यांनाच लागतो, पण एसीची जवळपास सगळी युनिटं त्या वरच्याच पायरीवर बसतात. म्हणून आधी घरातले जुने ७५ वॅटचे पंखे बदलून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी लावा. पंखा बारा महिने फिरतो, एसी तीन-चार.

वायरिंगबद्दल एक ताकीद, इथे काटकसर नको. जुन्या घरात अनेकदा अर्थिंगच नसतं. एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. मंजूर भार कमी असेल तर वाढवून घ्या.

बाहेरचं युनिट पडवीत बसवू नका. खोलीतून काढलेली सगळी उष्णता अधिक यंत्राने खाल्लेली वीज ते बाहेर ओकतं. पडवीत ओकलं की ओटी तापते आणि ती हवा परत घरातच शिरते. शेजारच्या खिडकीसमोरही नको, आपल्या गल्ल्या तशाच अरुंद. उत्तरेच्या सावलीत, मोकळ्यावर, वर छोटं छप्पर. खाडी जवळ आहे, खारी हवा पत्रा आणि पंखांच्या जाळ्या खाते. म्हणून तांब्याची कॉइल आणि गंजरोधक लेप बघून घ्या, आणि जाळी वर्षातून दोनदा साध्या पाण्याने धुवा.

अजून एक गोष्ट, जी फार थोड्या पालकांना माहीत असते. आपला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तीच हवा फिरवतो. फटी बुजवलेल्या खोलीत आजी, मुलगी, आई-बाबा असे चौघं झोपले तर सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं जड होतं. झोपण्यापूर्वी दार-खिडकी दहा मिनिटं सताड उघडा, रात्रीतून एकदा दार उघडा. त्या खोलीत मच्छर कॉइल, धूप, शेगडी काहीही पेटवायचं नाही. आणि मुलीचा अभ्यास पहाटे असेल तर पहाटेची थंड हवा फुकट आहे, तेव्हा एसी बंद, खिडकी उघडी.

शेवटी पाण्याची नळी. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीच्या पायथ्याशी ती सोडली तर दोन पावसाळ्यांत पाया भुसभुशीत होईल. पाइप लांब न्या, जास्वंदीच्या किंवा केळीच्या बुंध्याशी. पण आधी आठवडाभर खाली बादली ठेवा. पहिल्या तीन-चार रात्री जास्त पाणी येईल, कारण गाद्या, कपडे आणि भिंती यांतला ओलावाही निघतो. त्यानंतरच्या एका रात्री मुलीला मापाने मोजू द्या. तिघं-चौघं झोपलेल्या घट्ट खोलीतून रात्रभरात दोन-तीन लिटर निघालं तर काम चोख झालं. बादली भरून वाहिली, तर कुठेतरी फट राहिली आहे. उदबत्ती पेटवून (एसी बंद करून, अर्थातच) छताच्या कडेने फिरवा, धूर जिथे वाकेल तिथे ती सापडेल.